दोन्ही कागद एकाच हातचे

टिकाराम रहांगडाले सरांना कोरा कागद दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या कॉलेजात ते मराठी शिकवत, पण त्यांची खरी कीर्ती होती ती अर्ज, निवेदनं आणि मानपत्रं लिहिण्यात. कुणाच्या बांधाची तक्रार असो की कुणाच्या निवृत्तीचा समारंभ, माणसं त्यांच्याकडे येत आणि म्हणत, "सर, जरा भाषा घालून द्या." सर चष्मा पुसत आणि भाषा घालून देत. त्याचा एक रुपया त्यांनी कधी घेतला नाही. "वा" एवढंच ऐकायला मिळालं की माणूस आठवडाभर खूश असायचा.

अकरा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशोबानं राबल्यावर ते कायम झाले आणि लगोलग विद्यार्थी परिषदेचे प्रभारी झाले. हे काम कुणालाच नको असतं. पोरं भडकली की त्यांच्या पुढे उभं राहायचं आणि प्राचार्य भडकले की त्यांच्या मागे. रहांगडाले सरांनी मात्र यावर आपला तोडगा काढला होता. पोरांची काही मागणी असली की तिचं निवेदन सर लिहून देत, झकास, मुद्देसूद. ते निवेदन प्राचार्यांच्या टेबलावर जाई. दोन दिवसांनी प्राचार्य सरांना बोलावून म्हणत, "याला एक चांगलं उत्तर लिहा." मग उत्तरही सरच लिहीत, तेही झकास आणि मुद्देसूद. दोन्ही मसुदे टाइप करणारा बाबू श्यामलाल गालात हसायचा आणि गप्प राहायचा.

सहा वर्षं हे असंच चाललं. दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतो असं म्हणतात, पण सर पडले नाहीत, उलट त्यांना ती बैठकच सोयीची वाटू लागली. यात आपण कुणाला फसवतो आहोत असं त्यांच्या मनात आलं नाही. आपल्यामुळे भांडण होत नाही, असं ते बायकोला सांगत. आणि भांडण होत नव्हतं हे खरंच आहे. पोरांना काही मिळतही नव्हतं, एवढंच.

यंदा परिषदेची अध्यक्ष खुशबू डोंगरे झाली. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, बोलायला सडेतोड. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती वहीच्या पानावर मुद्दे लिहून सरांकडे आली. प्रॅक्टिकल सुटतं साडेपाचला. आतल्या गावांची शेवटची एसटी जाते पावणेपाचला. बस धरायची तर प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळावं लागतं, मग त्या दिवसाची हजेरी लागत नाही, आणि हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेला बसू देत नाहीत. गावच्या मुलींचं प्रॅक्टिकल सकाळी घ्या, एवढीच मागणी होती.

"मुद्दे मी आणले सर, तुमी भाषा घालून द्या," खुशबू म्हणाली.

सरांनी घातली. हिवाळ्यात साडेपाचलाच अंधारून येतं, फाट्यावर उतरल्यावर मुलींना तीन-तीन किलोमीटर पायी जावं लागतं, हे सगळं त्यांनी असं लिहिलं की वाचणाऱ्याचं काळीज हलावं. एक्केचाळीस मुलींनी सह्या केल्या. प्रभारी म्हणून सरांनी शिफारस केली.

चार दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. "सकाळी लॅब ज्युनिअर कॉलेजला लागते, जमणार नाही. नीट लिहा. हजेरी कमी असलेल्यांची यादी सोबत लावू, म्हणजे पुन्हा मागणी यायची नाही. पालकांनाही एकेक प्रत पाठवू."

सरांनी लिहायला घेतलं. 'लॅब मोकळी नाही' इतकंच लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण कागद त्यांना कोरडा वाटला. शेवट कसा घुमला पाहिजे! म्हणून त्यांनी स्वतःच्या मनानं एक वाक्य जोडलं: 'सदर विद्यार्थिनींच्या गैरहजेरीचे कारण बसची वेळ हे नसून अभ्यासातील अनास्था हे आहे, असे निदर्शनास आले आहे.' निदर्शनास काहीही आलं नव्हतं. सरांनी हजेरीपट उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. प्राचार्य वाचून म्हणाले, "वा, रहांगडाले! याला म्हणतात भाषा." सर खूश होऊन घरी गेले. मी तर म्हणतो, माणसाला दारूचं व्यसन परवडलं, या 'वा'चं नको.

उत्तर बोर्डावर लागलं. खाली नऊ मुलींची नावं, टक्क्यांसकट.

आठ दिवसांनी खुशबू स्टाफरूमच्या दारात आली. "सर, आचल येत नाही आता. तिच्या बाबानं कॉलेज बंद केलन."

त्या नऊ जणींतली आचल मेश्राम दुसऱ्या वर्षाची. पहिल्या वर्षी वर्गात तिसरी आलेली मुलगी. सर म्हणाले, "अगं, काऊन? बसमुळे?"

"बसमुळे नाही सर. त्या कागदामुळे. घरी पोस्टानं गेला ना. बाबा मनते, कॉलेजच लिवून देते का पोरीचं मन नाही, तं कायले पाठवू?" खुशबूचे डोळे भरून आले होते, पण आवाज चढलेला होता. "ते शेवटचं वाक्य ज्यानं लिवलन ना सर, त्याले पोरगी नसन."

सरांना पोरगी होती. तिचं नाव खुशी, ती नववीत शिकत होती. सरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी समोरचं पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आत्ता सांगावं असं त्यांना वाटलं, अगदी ओठांवर आलं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच: "ऑफिसात कुणी लिहिलं असेल."

"चला मंग तिच्या घरी. तुमी सांगितलं तं तिचा बाबा ऐकन."

नाही म्हणायला तोंड कुठं होतं? रविवारी दोघं गेले, खुशबू तिच्या स्कूटीवर आणि सर मोटरसायकलवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून पडलं होतं. बारा किलोमीटर सर मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं.

आचलचे वडील शालीकराम मेश्राम मिस्त्रीकाम करत. सातवीपर्यंत शिकलेले. सर येणार म्हणून त्यांनी अंगण झाडून खुर्ची मांडून ठेवली होती. पाणी दिलं, चहा सांगितला. आचल दारातल्या चौकटीला टेकून उभी राहिली, आत येईना की बाहेर येईना. शालीकरामनी एक प्लास्टिकची पिशवी आणली. तिच्यात आचलच्या पहिलीपासूनच्या सगळ्या मार्कशीट होत्या आणि सगळ्यात वर तो कागद.

"वाचा सर. मी वाचलो, पन तुमी वाचा."

सर वाचू लागले आणि त्या वाक्यापाशी येऊन थांबले. उरलेलं शालीकरामनी स्वतःच बोट ठेवून वाचलं. "अनास्था मंजे काय ते मी आमच्या गुरुजीले विचारलो. ते मनले, मन लागत नाई असं होते. आता सांगा सर, हे पोट्टी सकाळी चारला उठून वाचते. मले वाटे का शिकून राहिली. पन कॉलेजवाले शिक्का मारून खोटं कायले लिवतीन? मंजे मलेच समजलं नाई. घरात राहून मलेच समजलं नाई!"

त्यांना राग आला नव्हता. त्यांनी त्या कागदावर विश्वास ठेवला होता, आणि तेच सरांना सोसवेना.

"सर, सांगा ना का हे खोटं आहे," खुशबू म्हणाली.

सरांनी सारवासारव सुरू केली. "असं असतं शालीकरामभाऊ, ही ऑफिसची भाषा असते. ती काही एकट्या आचलबद्दल..."

"ऑफिस कसं लिवन सर? मानसानंच लिवलं असन ना?"

अंगणात कोंबडी फिरत होती. सर तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी लिवलो."

वर्गातली भाषा त्यांच्या तोंडून गळूनच पडली. "हजेरीपट नाई पाह्यलो. काईच नाई पाह्यलो. वाक्य चांगलं वाटलं, लिवलो."

खुशबू सरांकडे बघतच राहिली. शालीकरामनी कागद पिशवीत ठेवला. "आनि पोरींचं ते निवेदन? खुशबू तं मने का सरांनंच लिवून देलं."

"तेबी मीच."

"मंग सर, तुमचं खरं कोनतं?"

ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवले, त्याला स्वतःसाठी एक सापडला नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. धरणीला कुठली एवढी फुरसत! आचलच्या आईनं चहा आणून दिला आणि तो सरांना त्या सगळ्यांसमोर प्यावा लागला.

निघताना शालीकराम म्हणाले, "कॉलेजनं लिवून देलं, तं कॉलेजनंच लिवून द्यावं का ते खोटं हाय."

सोमवारी सर प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "रहांगडाले, एकदा जावक क्रमांक पडला की शब्द परत घेता येत नाही. तुम्हाला फारच वाटत असेल तर तुमच्या नावानं लिहा."

मग सरांनी एका साध्या कागदावर, स्वतःच्या नावानं, पाच ओळी लिहिल्या. ते वाक्य माझं आहे. ते खोटं आहे. मी हजेरीपट पाहिला नव्हता. आता पाहिला, आणि नऊही मुली सकाळच्या तासांना रोज हजर आहेत. मला लाज वाटते. खाली सही. एवढं रुक्ष त्यांनी उभ्या जन्मात काही लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी ते एकटेच पुन्हा त्या अंगणात गेले. शालीकरामनी कागद उलटसुलट केला. "याच्यावर शिक्का नाई सर."

"नाही."

"खोट्यावर हाय आनि खऱ्यावर नाई," ते म्हणाले, टोमणा म्हणून नव्हे, नवल वाटल्यासारखं.

तेवढ्यात आचल पुढे आली. इतक्या दिवसांत ती सरांसमोर पहिल्यांदाच बोलली. "हे आमच्या घरी कायले आनून देता सर? तो कागद तं बोर्डावर होता, आमच्या नावासंगं. सगळ्या कॉलेजनं वाचलन."

बारा किलोमीटर आत, एका अंगणात कबूल करणं त्यांना जमलं होतं. पण कॉलेजात, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर? अकरा वर्षांनी मिळालेली नोकरी होती ती. त्यांचं हे चाचरणं आचलनं पाहिलं, आणि तिनं पाहिलं हेही सरांना कळलं. ते खाली मान घालून म्हणाले, "लावतो."

लावला. मंगळवारी दहा वाजता, सगळी पोरं आवारात असताना. बोर्डापुढे गर्दी झाली. कुणी हसलं, कुणी मोबाईलवर फोटो काढला. स्टाफरूममध्ये सर आले की बोलणं थांबू लागलं. बाराच्या आत प्राचार्यांनी कागद काढायला लावला, पण तोवर त्याचा फोटो आचलच्या घरी पोचला होता. श्यामलाल तेवढा जवळ येऊन म्हणाला, "सरजी, ये आपने क्या किया?" आता तो गालात हसत नव्हता.

गुरुवारी आचल आली. सरांसमोरून गेली, त्यांच्याकडे तिनं पाहिलं नाही. दुपारी ती प्रॅक्टिकलला बसली. सरांना हायसं वाटलं, आता झालं असं वाटलं. आणि साडेचारला त्यांनी स्टाफरूमच्या खिडकीतून पाहिलं तर आचल पाठीवर बॅग टाकून फाटकाकडे पळत होती, तिच्या मागे आणखी दोघी. प्रॅक्टिकल अर्धं टाकून. त्या दिवशीची हजेरी पुन्हा गेली होती. सरांच्या लाजेनं बसची वेळ बदलली नव्हती आणि लॅबचीही नाही.

ते लगबगीनं खुशबूला शोधायला निघाले. ती पायऱ्यांवरच चार मुलींसोबत बसली होती. "खुशबू, मुद्दे सांग," सर म्हणाले, "नवीन निवेदन लिहू. या वेळी असं लिहितो की..."

"आमचं लिवून झालं सर."

तिनं वहीचं पान पुढे केलं. सहा ओळी होत्या, कुठं काही सजवलेलं नव्हतं, आणि त्यात घालावं असं सरांकडे काहीच नव्हतं. खाली प्रभारींच्या सहीसाठी जागा सोडली होती. सरांनी पान पायरीवर ठेवून, वाकून सही केली.

खुशबूनं ते उचललं, वहीत ठेवलं आणि उठली. दोन पायऱ्या उतरून ती वळली.

"आनि सर," ती म्हणाली, "याचं उत्तर तरी तुमी लिवू नोका."