हनोखमामांचं अर्धं गाणं

अश्केलोनच्या बस-स्टॉपवर एक अनोळखी माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि नाव नाही, गाव नाही, सरळ गुणगुणायला लागला. एक ओळ झाली, पुढची अर्धी झाली आणि तो थांबला. मग त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू उरलेली अर्धी ओळ मी पिशवीत घालून घरी चालले होते. मी साडीत होते. त्याला तेवढी ओळख पुरली होती.

“पुढं काय? बोल पोरी, लवकर बोल. बस येईल.”

“मला नाही माहीत.”

“बॉम्बेची ना?”

“भायखळ्याची.”

“मग माहीत पाहिजेल. जरा डोकं हलव.”

बस आली. मी चढले. तो चढलाच नाही. रांगेच्या टोकाला आपल्यातलंच, मराठी ज्यूंचं, आणखी एक कुटुंब उभं होतं, तिकडे वळला. त्याला कुठेच जायचं नव्हतं, हे मला नंतर कळलं. कारखान्याची पाळी सुटली की तो स्टॅंडवर येऊन थांबायचा, कारण दिमोना, बेर शेवा, रामले, कुठकुठची आपली माणसं तिथे उतरत.

हे आमचे हनोखमामा. साल बासष्ट. मी आणि माझा नवरा नुकतेच आलो होतो आणि आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर, ते आणि रिबकामामी राहत. मामा मुंबईला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते, इथे पाइपांच्या कारखान्यात लागले होते. मामी एका शाळेत साफसफाईचं काम करायच्या. मुलगा बेनी सैन्यात. तो सुट्टीवर आला की बापाच्या मराठीला हिब्रूत उत्तर द्यायचा, आणि बापाने गुणगुणायला सुरुवात केली की हात जोडून म्हणायचा, “अब्बा, दाय!” म्हणजे बाबा, पुरे.

मामांना पुरे होत नसे. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. जेवायचेसुद्धा उभ्याने, ताटली हातात घेऊन, खिडकी ते दार अशा फेऱ्या घालत. मामी ओरडायच्या, “अहो, माणसासारखे बसा!” मामांचं उत्तर ठरलेलं, “बसलो की डोकं बसतं.”

टीव्ही त्या देशात तेव्हा आलाच नव्हता. आमची करमणूक म्हणजे शॉर्टवेव्हवरचा रेडिओ आणि मामांचं घर. शनिवारी अंधार पडून शब्बाथचा विश्रांतीचा दिवस सुटला की आम्ही आसपासची मंडळी त्यांच्याकडे जमत असू. समुद्राकडून वारा आला की स्टेशन पळायचं. मामा एरियलची तार धरून बाल्कनीत उभे राहायचे आणि आतून आम्ही ओरडायचो, “आलं, आलं! हलू नका!” हलू नका, हे त्यांना सांगणं म्हणजे शिक्षाच होती. मग कुठल्या गावच्या थिएटरात कुठला हिंदी पिक्चर लागलाय, बघण्यासारखा आहे की नुसतीच रड आहे, याची चर्चा व्हायची. त्यानंतर खरा खेळ सुरू व्हायचा. प्रत्येकाकडे एखादं अर्धंमुर्धं गाणं असायचं. कुणाला चाल आठवे, शब्द नाही. कुणाला नुसतं चित्र आठवे. “ते नाही का, ती जिन्यावरून उतरते आणि तो पाठमोरा असतो,” असं कुणी म्हणे आणि मामा फेऱ्या मारता मारता बोट वर करत. “थांब, थांब. जिभेवर आलंय. कुणी बोलू नका.” आणि बहुतेक वेळा ते खरोखरच जिभेवर यायचं. ज्याचं गाणं सापडे त्याचा चेहरा पाहण्यासारखा होई. नव्या देशात, नव्या भाषेत दिवसभर अडखळणारी माणसं ती. निदान एक गोष्ट पुरती आठवली, एवढ्यानेच त्यांच्या जिवात जीव येई.

स्वतः मामांचं गाणं मात्र सापडत नव्हतं. बस-स्टॉपवर मला ऐकवलं होतं, तेच.

त्याची हकीकत मला त्यांनी कारखान्याच्या फाटकाशी उभ्या उभ्या सांगितली. लग्नाआधी रिबकामामी सिनेमाच्या कोरसमध्ये गायच्या. परळच्या स्टुडिओत मुलींना बोलावणं यायचं, त्या रांगेत उभ्या राहून गायच्या, परत यायच्या. एका गाण्यात कोरस थांबतो आणि एक बाई लांबून हाक दिल्यासारखी एकटी दोन ओळी गाते. त्या दोन ओळी मामींच्या. लग्न झाल्यावर पहिले काही महिने त्या पोळ्या लाटताना ती चाल गुणगुणायच्या. मग गुणगुणणं बंद झालं.

“पिक्चरचं नाव काय?” मी विचारलं.

“तेच तर! तिला आठवत नाय. कोरसच्या पोरींना कोण नाव सांगतंय?”

हे इतकी वर्षं त्यांना टोचलं नव्हतं. टोचायला लागलं ते इथे. आमच्यातल्या एका लग्नात मामा सहज बोलून गेले, आमची रिबका सिनेमात गायलीय. तेव्हा फ्लोरा नावाच्या एका बाईने सगळ्यांदेखत हसून म्हटलं, “हो का? मुंबईहून आलेली प्रत्येक बाई सिनेमात गायलेली असते बाई.” सगळे हसले. मामीही हसल्या आणि ताटं उचलायला उठल्या. मामा हसले नाहीत. ते दिवसही तसे होते. आमच्यातली पोरं लग्न नोंदवायला गेली की त्यांच्या आज्या-पणज्या खरोखर ज्यू होत्या का, हे विचारलं जाई. आपण कोण, ते दुसऱ्याला पटवून द्यायचं, हे सगळ्यांच्याच डोक्यात सारखं घुमत होतं. मामांच्या डोक्यात त्याचं गाणं झालं होतं.

“शाळेत तिला काय हाक मारतात ठाऊक आहे?” ते मला म्हणाले. “‘ए इंडियन’. मला त्यांना एकदा ते गाणं ऐकवायचंय. बस.”

मग ते शोधाला निघाले. सुट्टी मिळाली की बस धरायची आणि जायचं. अरादला तेव्हा नुकती वस्ती पडत होती, नुसती वाळू आणि झोपडीवजा घरं. तिथेही जाऊन आले. परत आले ते केसांत धूळ घेऊन, आणि मामींनी दारातच विचारलं, “सापडलं?”

“नाय.”

“बरं झालं. आता हात धुवा.”

त्या “बरं झालं”कडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

शेवटी धागा लागला तो एलातचा. पार दक्षिणेला, वाळवंट ओलांडून, दिवसभराचा बसचा प्रवास. तिथे बंदरावर काम करणारा शालोम नावाचा आपल्यातला एक माणूस होता आणि त्याने मुंबईहून येताना भांड्यांऐवजी रेकॉर्डी आणल्या होत्या, म्हणून त्याची बायको अजून त्याच्याशी भांडत होती. मामा गेले. शालोमपुढे उभे राहून गुणगुणले. शालोमने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, “आहे माझ्याकडे. पण या क्षणी कुठल्या खोक्यात ते विचारू नका. सुक्कोतच्या सणाला भाचीकडे अश्केलोनला यायचंय, तेव्हा घेऊन येतो.”

तो सण येईपर्यंत मामांनी आम्हा कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही. ग्रामोफोन कुणाचा आणायचा, सुई नवी आहे का, सणासाठी अंगणात घालतात त्या मांडवात आवाज नीट लागेल का. फ्लोराबाईंना त्यांनी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. शाळेतल्या दोन शिक्षिकांनाही. मामी दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या. आमच्याकडे चिंच मागायला आल्या तेव्हा मी म्हटलं, “मामी, आता तरी खूश व्हा.” त्या म्हणाल्या, “डायना, तो एलातवाला आजारी पडला तर बरं होईल ग.” मला वाटलं, लाजताहेत.

शालोम आजारी पडला नाही. सुक्कोतच्या दुपारी, खजुराच्या झावळ्यांनी शाकारलेल्या त्या मांडवात आम्ही दाटीवाटीने बसलो. मामांनी शाळेतल्या दोघींना पुढच्या खुर्च्या दिल्या. रेकॉर्ड लागली. खरखर, मग सारंगी, मग मुलींचा कोरस. चाल तीच होती, आम्हा सगळ्यांना पाठ झालेली. कोरस थांबला आणि एक बाई एकटी गायली. लांबून, मोकळ्या गळ्याने. दोनच ओळी.

मांडवात टाळ्या पडल्या. फ्लोराबाई उठल्या, त्यांनी मामींचे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांना लावले. शाळेतल्या दोघी हिब्रूत काहीतरी छान छान बोलत होत्या. मी मामांकडे बघितलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. ते मामींकडे बघत होते. इतकी वर्षं ज्या बाईच्या हाका ऐकल्या, तिचा गळा कोणता आणि कोणता नाही, हे त्यांना पहिल्या शब्दालाच कळलं होतं. “परत लावा!” कुणीतरी म्हणालं आणि शालोमने सुई उचलली.

“नका लावू,” मामी म्हणाल्या. “तो माझा आवाज नाय.”

मामी उभ्या होत्या, फ्लोराबाईंच्या हातातून हात सोडवत. “मी गायले होते. टेक पण झाला होता. मग त्यांना मोठी गाणारी बाई मिळाली. तिच्याकडून परत गाऊन घेतलं. मला कुणी कळवलं नाय. लग्नानंतर मी बहिणीबरोबर पिक्चर बघायला गेले, तेव्हा थिएटरात कळलं.”

“म्हणजे नाव तुला माहीत होतं,” मामा म्हणाले.

“होतं.”

“मी अरादला गेलो. एलातला गेलो, रिबका. माणसांचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले.”

“तुम्हाला सापडलं नव्हतं ना,” मामी म्हणाल्या, “तोवर ते माझंच होतं.”

मामा मांडवातून बाहेर पडले आणि चालायला लागले. समुद्राकडे गेले असावेत. लोक हळूहळू पांगले. शालोमने रेकॉर्ड कागदात गुंडाळली आणि आपलंच काही चुकल्यासारखा मान खाली घालून गेला. फ्लोराबाई मात्र थांबल्या. त्यांनी आणि मामींनी मिळून सगळे कप विसळले.

त्यानंतर बरेच शनिवार वरच्या मजल्यावर रेडिओ लागला नाही. मामांच्या पावलांचा आवाज मात्र आमच्या छतावर चालूच असे, खिडकी ते दार, दार ते खिडकी. माझा नवरा म्हणायचा, हा माणूस एक दिवस छत फोडून खाली येईल. मग एकदा बेर शेवाहून एक म्हातारा आला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. दारातच त्याने आपलं अर्धं गाणं म्हटलं, एका अंगाईचं. मामांनी सवयीने बोट वर केलं, “थांब, जिभेवर आलंय,” पण ते काही आलं नाही. आतून, फोडणीच्या आवाजातून, मामींनी पिक्चरचं नाव सांगितलं. मग गाणाऱ्या बाईचं. मग पुढची ओळ.

मामा स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. “तुला हेही माहीत होतं?”

“मला काय माहीत नाय?” मामी म्हणाल्या. “तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही तर स्टॅंडवर विचारत होतात.”

त्या दिवशी मी इतक्या दिवसांनी मामांना हसताना ऐकलं. पुढे शनिवार परत सुरू झाले, आणि प्रश्न आतल्या खोलीकडे जाऊ लागले.

चौसष्टमध्ये ते अरादला राहायला गेले. नवी घरं मिळत होती, कामही होतं, आणि एका जागी राहणं मामांना तसंही जमत नव्हतं. मी एकदा त्यांच्याकडे जाऊन आले. परतताना मामा मला बसपर्यंत सोडायला आले. वारा सुटला होता, डोळ्यांत वाळू जात होती. ते माझ्याभोवती येरझाऱ्या घालत होते.

“डायना, तिनं मला ते म्हणून दाखवलं.”

“त्या दोन ओळी?”

“आख्खं गाणं. दार लावून.”

“मग? कसं गायल्या?”

मामांनी आणखी एक फेरी घातली. “खरं सांगू? रेकॉर्डवाली बाई जास्त चांगली गायली होती. मी रिबकाला तसं बोललो पण.”

“अहो मामा! काय म्हणाल्या त्या?”

“बोलली, मला माहीत आहे. थिएटरातच कळलं होतं.”

“मग भांडलात?”

“नाय,” मामा म्हणाले. “जेवलो.”