चुली किती

माझी नोकरी लोकांना समजावून सांगताना माझी कायम पंचाईत व्हायची. शेजारणी विचारायच्या, तू विमा विकतेस का? मी म्हणायचे, विकत नाही, तपासते. गरिबांसाठी सरकारने मोफत उपचारांची विमा योजना काढलेली होती. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर ऑपरेशन, डायलिसिस सगळं फुकट. अशा योजनेत दोन तऱ्हेच्या चुका होतात. ज्याला मिळायला नको त्याला मिळतं, आणि ज्याला मिळायला हवं तो बाहेर राहतो. या चुका किती होतात ते मोजायचं काम एका संस्थेकडे आलं होतं आणि संस्थेने पनवेल-उरणकडचा भाग माझ्या गळ्यात घातला होता. चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी काही कार्डं निवडायची, त्या घरी जाऊन बसायचं आणि ठरवायचं, हे कुटुंब योजनेत बसतं की नाही. शेजारणींना यातलं एवढंच कळायचं की मी लोकांची कार्डं रद्द करते. त्या मला चहा द्यायच्या, पण स्वतःच्या रेशनकार्डाचा विषय काढायच्या नाहीत.

मी कामात तरबेज होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. खोटं बोलणारं घर मला चपला काढतानाच कळायचं. कामोठ्यात एका फ्लॅटमध्ये मी येणार म्हणून फ्रिजवर चादर घालून वर देव मांडले होते. मी देवांना हात जोडले, खुर्चीत बसले आणि गार पाणी मागितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग देवांकडे पाहिलं आणि मुकाट्याने शेजारून पाणी आणलं. अशा लोकांचा मला राग यायचा, पण मनातून मजाही वाटायची. खरा संताप यायचा तो दुसऱ्या चुकीचा. औषधावाचून घरात पडून राहिलेलं माणूस, आणि कार्ड नाही म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. ही चूक दिसत नाही, कारण ती दवाखान्यापर्यंत पोचतच नाही.

आमचे सर पुण्याहून आलेले. आकड्यांत पक्के, स्वभावाने सज्जन, पण पनवेलच्या ऑफिसातून बाहेर पडायचा त्यांना कंटाळा. त्यांचा एक ठोकताळा होता : घराला स्लॅब असेल आणि वर मजले असतील, तर ते कुटुंब गरीब नाही. पुण्याकडच्या खेड्यांत हे चालत असेल. आमच्याकडे अख्खीच्या अख्खी गावं स्लॅबची. जमिनी आणि मिठागरं नव्या शहरासाठी गेली, बदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांएवढे प्लॉट मिळाले, प्लॉट बिल्डरला गेले आणि आलेल्या पैशातून प्रत्येकाने आधी घर उठवलं. कुणाचं पुढेही भागलं, कुणाचं घरातच संपलं. मार्बलवर बसून भाताची पेज पिणारी माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा विमानतळ अजून कागदावरच होता आणि तो झाला की सगळं ठीक होईल, असं जो तो म्हणत होता.

गव्हाणचं ते घर तीन मजली होतं. गेटवर सिमेंटचे दोन सिंह, त्यातल्या एकाची शेपटी तुटलेली. चिठ्ठीत निघालेलं केशरी कार्ड तिथल्या धाकट्या भावाचं होतं. तो टेम्पो चालवायचा. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, टेम्पो विकला गेला आणि आता तो दिवसाआड पनवेलला डायलिसिसला जात होता, याच योजनेतून. थोरल्या भावाचे डंपर होते, मधला उरणला बंदरात कामाला. दोघांचं बरं चाललेलं. धाकट्याने कार्ड वेगळं करून घेतलं होतं, आणि प्रश्न एवढाच होता की ते कुटुंब खरंच वेगळं आहे की फुकट उपचारांसाठी कार्ड तेवढं तोडलंय. असं करणारेही पुष्कळ भेटायचे.

आमच्या नियमात कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. चूल एक निघाली, तर भावांची कमाईही धाकट्याच्याच घरात धरायची. मी ओटीवर बसले. थोरला समोर होता, तिघी जावा दाराशी उभ्या, आणि कोपऱ्यात आरामखुर्चीत त्यांचा म्हातारा बाप डोळे मिटून पडलेला. मी विचारलं, घरात चुली किती?

थोरल्याने एकदा बापाकडे पाहिलं आणि म्हणाला, "चूल एकच हाय, मॅडम. आमचं घर कवा फुटलं नाय."

मधलीने मान डोलावली. आणि धाकटी, जिच्या नवऱ्याचा जीव त्या कार्डावर होता, तिनेही डोलावली. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

उत्तर लिहून घेऊन मी निघून जाऊ शकले असते. पण माझ्या नाकाला वेगळा वास येत होता, आणि मी एकदा बसले की बसते. तेवढ्यात गेटातून कोळीण आली, अंगणात पाटी उतरवून तिने वाटे लावले. आधी मोठी जाऊ आपलं ताट घेऊन गेली. मग मधली आपलं पातेलं घेऊन. मग धाकटी. तिने बराच वेळ पाटीत पाहिलं आणि शेवटचा बारका वाटा घेतला. तिघींनी आपापले पैसे दिले. एका चुलीच्या घरात कोळणीसमोर तीन भांडी येत नाहीत. जिचा नवरा डंपरवाला तिच्या ताटात पापलेट, आणि जिचा आजारी तिच्या भांड्यात खाडीच्या चिखलातल्या स्वस्त निवट्या, असंही होत नाही.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने धाकटीबरोबर वर तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथे तिची शेगडी होती, तिचा तांदळाचा डबा होता आणि पलंगावर तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मी सरळ विचारलं, खाली खोटं का बोललीस? ती म्हणाली, बाबा आहेत तोवर या घरात चूल एकच. सासू गेली तेव्हा बाबांनी मुलांकडून तसा शब्द घेतला होता. सहा महिन्यांत तिघी वेगळ्या शिजवायला लागल्या, पण बाबांना कुणी सांगितलं नाही. ते दुपारी खाली ओटीवर जेवायला बसले की तिघी आपापली वाटी त्यांच्या ताटात नेऊन ठेवतात आणि सगळं एकाच स्वयंपाकघरातून आल्यासारखं वागतात. एवढी वर्षं हे बिनबोभाट चाललेलं. त्या सबंध पट्ट्यात हे असंच होतं, फक्त बाहेरच्या माणसासमोर कुणी बोलायचं नाही. वेगळी चूल कबूल करणं म्हणजे बाप जिवंत असताना घर फोडलं, असा अर्थ.

मी तिला स्पष्ट सांगितलं की हे उत्तर असंच राहिलं तर तिचं कार्ड चुकीचं ठरेल, नाव वरच्या ऑफिसात जाईल आणि नवऱ्याचं डायलिसिस थांबेल. ती खाली बसली. मग म्हणाली, "तुमाला दिसलं ना, ताई? तुमी लिवा. बाबांना मातर इचारू नका."

मी तसं वचन दिलं नाही. पाळता येणार नाही असं वचन मी देत नाही.

मी लिहिलं : चुली तीन. सरांनी कागद परत पाठवला. कुटुंब स्वतः एक म्हणतंय आणि तुम्ही तीन कशा म्हणता? मी त्यांना कोळीण सांगितली, भांडी सांगितली. ते म्हणाले, उद्या प्रत्येक जण आपल्या डोळ्यांना दिसेल ते लिहील, मग मोजमापाला अर्थ काय राहील? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण माझा आवाज चढला. मी म्हटलं, सर, चूक त्या कार्डात नाहीये, आपल्या प्रश्नात आहे. या गावांमध्ये हा प्रश्न विचारून तुम्ही गरजू माणसांना लबाड ठरवताय आणि वर त्याची टक्केवारी काढताय. सरांनी तो कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, वादाच्या घरात सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचं उत्तर शेवटचं, हा नियम आहे. चला, मी स्वतः विचारतो.

वेळ मी ठरवली, आणि मुद्दाम जेवणाची ठरवली.

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारा ओटीवर पाटावर बसून जेवत होता. तांदळाची भाकरी, भात आणि ताटात तीन वाट्या. थोरला आम्हाला पाहून उठला, खुर्च्या मांडल्या, सरबत मागवलं. आदरातिथ्यात त्या घराला नाव ठेवायला जागा नव्हती. सरांनी त्याला विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं, एकच. धाकटी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आज तिचा नवराही जिना उतरून खाली आला होता आणि शेवटच्या पायरीवर बसला होता, हाताला डायलिसिसची पट्टी. मला त्याच्याकडे बघवेना.

सर खाली वाकले आणि म्हणाले, बाबा, तुम्ही घरातले मोठे. तुम्ही सांगा, घरात चुली किती?

थोरला म्हणाला, त्यांना ऐकू येत नाय नीट. म्हाताऱ्याने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. त्याला चांगलं ऐकू येत होतं.

"ह्यो वाल थोरलीचा," तो एकेका वाटीला बोट लावत म्हणाला. "ह्यो बोंबील मधलीचा. रोजची तीन कालवनं एका चुलीवर कोन करतं?" मग तिसरी वाटी त्याने जवळ ओढली. "आनि ही धाकटीची. हिच्यात मीठ नाय. डाक्टरनी माझ्या पोराला मीठ मना केलंय. माझा जलम मिठागरात गेला, मला कळनार नाय व्हय? लिव साहेब, चुली तीन."

थोरला खाली मान घालून उभा राहिला. त्याचाही मला राग आला नाही. त्याने बापाचा शब्द मोडला होता आणि ते बापापासून लपवायला वर्षानुवर्षं धडपडला होता, आणि बापाला हे चवीवरून केव्हाच कळलेलं होतं. म्हातारा पुन्हा जेवायला लागला. सरांनी लिहिलं आणि बापाच्या अंगठ्याजवळ शाईची डबी धरली. परत येताना गाडीत ते मला म्हणाले, प्रश्न बदलू या. तुम्ही शब्द सुचवा. मी आधीच सुचवून ठेवले होते. चुली किती, हे विचारायचंच नाही. घरातल्या प्रत्येक सुनेला वेगळं गाठून विचारायचं, आज काय शिजवलंस? त्यानंतर आमच्या भागातली पुष्कळ कार्डं पुन्हा तपासली गेली आणि लबाड ठरलेली कितीतरी कुटुंबं खरी निघाली. हे माझ्यामुळे झालं. मी ते अजून अभिमानाने सांगते.

पण त्या घरात पुढे काय झालं असेल, हे मनात राहिलं होतं. एकदा उरण रस्त्यावरून येताना मी रिक्षा गव्हाणला वळवली. ओटीवर आरामखुर्ची होती, म्हातारा नव्हता. थोरल्याची बायको म्हणाली, आता उघडच झालं म्हटल्यावर मुलांनी बापाच्या जेवणाची पाळी ठरवली, एकेक महिना एकेकाकडे. बापाने ती पाळी मोडून काढली. वर आहेत, म्हणाली. कार्ड चालू आहे आणि धाकटे भाऊजी आज घरीच आहेत.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. गुडघ्यांवर हात ठेवत तो म्हातारा रोज दोन वेळा एवढे जिने चढत होता. बापलेक शेजारी शेजारी जेवायला बसले होते. धाकटीने मलाही पान वाढलं, मी नको नको म्हणत बसले. निवट्यांचं कालवण होतं. पहिला घास घेतला आणि माझा हात आपसूक मिठाकडे वळला. पानात मीठ वाढलेलंच नव्हतं, ना माझ्या, ना त्यांच्या. मी धाकटीला विचारलं, निदान बाबांना तरी वरून वेगळं का वाढत नाहीस?

म्हाताऱ्यानेच उत्तर दिलं, मुलाच्या ताटाकडे बघत. "नगं, बाय. मीठ लय खाल्लं जलमभर. आता ह्याच्यासंगं."

मीही तसंच जेवले.