किसनच्या टाचेचा फोड

तेव्हा आमची पोस्टिंग बर्फाच्या पहाडात होती. रोज संध्याकाळी फूट इन्स्पेक्शन. बूट काढा, मोजे काढा, पाय पुढं करा. हवालदारसाब बोटांच्या मधी पण पाहायचे. लोक हसतात, पण फौज पायावर चालते. नवा बूट आधी कॅम्पात घालून नरम करायचा. आत पातळ मोजा, वरून जाड. सुकी जोडी बनियनच्या आत, अंगाला लावून. टाच गरम लागली की तिथंच थांबून पट्टी लावायची. फोड यायची वाट पाहायची नाही.

किसन माझा बडी, म्हणजे जोडीदार. मी जबलपूरचा, तोही इथलाच, गढ्याचा. ज्याच्या पायाला फोड, त्याला लंगरात कांदे सोलायला बसवत. वरून सगळे म्हणत, "दुल्हन के पाँव में मेहंदी लगी है." म्हणून किसननं फोड लपवला. टाचेवर पावडर थापून इन्स्पेक्शनला बसला.

सकाळी पेट्रोलिंगवर निघालो. नाला ओलांडताना मोजे भिजले. चढावर तो मागं पडू लागला. रेडिओ सेट त्याच्याच पाठीवर.

"काहून लंगडून राहिला?"

"काही नाही. चाल तू."

"बूट काढ."

"सांगू नको बे. कांदे सोलायला बसवतील."

मी हवालदारसाबना हाक मारली. ढग खाली उतरून राहिले होते. बर्फ सुरू व्हायच्या आत पोस्ट गाठायची होती. एकाला उचलून न्यायचं म्हणजे सगळेच वाटेत अडकणार.

सेटवर पोस्टनं विचारलं, "कहाँ तक पहुँचे? ओव्हर."

"नाले के ऊपर. थोड़ा हॉल्ट. ओव्हर."

"मौसम बिगड़ रहा है. जल्दी करो. ओव्हर."

फोड सुपारीएवढा. किसन चामडी ओढायला लागला. हवालदारसाबनी हातावर चापट मारली. "हाथ हटा. यही चमड़ी तेरी पट्टी है."

साबणानं धुतलं. सुई स्पिरिटनं पुसून कडेला टोचली, पाणी काढलं, चामडी तशीच ठेवली. वर साफ पट्टी, भोवती कापसाचं कडं, म्हणजे बूट घासत नाही. माझी सुकी जोडी त्याला दिली. इथं ग्वारीघाटावर आजही नर्मदेचे परिक्रमावाले बसल्या बसल्या फोडाची चामडी सोलतात. मी ओरडतो. ऐकतात थोडेच.

"चल, दुल्हन," हवालदारसाब म्हणाले.

किसन शिव्या देत उठला. सेट मी घेतला. पोस्टच्या दारात बर्फानं गाठलं, पण सगळे आपल्या पायांनी पोचलो.

पुढच्या महिन्यात बर्फाचा कडा सुटला. किसन त्याच्याखाली गेला. आम्ही खणून काढला. बूट मीच उतरवले. टाच भरून आली होती. नवी, गुलाबी चामडी.

सुट्टीत बायकोला घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं विचारलं, "त्याला फार त्रास झाला का रे?"

मला ते माहीत नव्हतं. बायको माझ्याकडं पाहून राहिली.

"पाय बरे झाले होते, काकू," मी म्हणालो.

पुढं काकूही वारल्या. यंदा माझी बायको गेली. आता या गावात किसनचं नाव घेणारा मी एकटा, म्हणून लिहून ठेवलं.