सेनापतींची सात शांत वर्षं

तोंडावर सगळे त्यांना सर म्हणायचे आणि पाठ वळली की सेनापती. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं की विभागातल्या शिपायांनी, यावर एकमत नाही. पण ज्याने ठेवलं त्याला माणसं बरोबर ओळखता येत होती. देशादेशांतल्या भांडणांवर उभी हयात काढलेल्या या गृहस्थांनी जन्मात एक सरहद्द पाहिली नव्हती. तोफ ऐकली ती टीव्हीवर, तीही आवाज बारीक करून, कारण मोठ्या आवाजाने त्यांचं डोकं उठायचं. न्हाणीघरात पाल दिसली की टॉवेल सावरत बाहेर यायचे आणि बायकोला म्हणायचे, "अगं, जरा बघ तिकडे. मला उशीर होतोय." ती केरसुणी घेऊन आत जायची. युद्धशास्त्रातला त्यांचा प्रत्यक्ष अनुभव तेवढाच.

त्यांना या विषयाची ओढ होती अशातलाही भाग नाही. कॉलेजात अर्थशास्त्राच्या जागा भरल्या होत्या, राज्यशास्त्राच्या रिकाम्या होत्या. आत शिरल्यावर त्यांनी अंदाज घेतला. निवडणुकांवर लिहिणाऱ्यांची ही गर्दी. कामगारांवर लिहायचं तर कारखान्याच्या दारात उन्हात उभं राहावं लागतं आणि कामगार वर शिव्या देतात. आंतरराष्ट्रीय संघर्षाला मात्र वाचनालयाचं कार्ड पुरतं. मेलेली माणसं प्रश्न विचारत नाहीत, आणि जिवंत असतील ती लांब असतात. सेनापतींचं तिथंच जमलं.

त्यांचा सिद्धांत सांगायला सोपा होता, म्हणून तर चालला. ज्या सरहद्दीवर दोन्हीकडच्या लोकांचा मिळून बाजार भरतो, तिथं बंदुका थंडावतात. बस, एवढंच. याला त्यांनी 'शेजारबाजाराचा सिद्धांत' असं नाव दिलं आणि पुरावा म्हणून डोंगरातलं एक खोरं निवडलं. तिथं बाजार सुरू झाला होता आणि नेमकी त्यानंतर, त्यांच्या हिशेबाने, सलग सात वर्षं शांतता होती.

हा हिशेब कसा केला ते ऐका. राजधानीतल्या दोन मोठ्या वर्तमानपत्रांचे जुने अंक काढायचे. सरहद्दीवर गोळीबार, घुसखोरी, पळवापळवी, काहीही घडल्याची बातमी सापडली की त्या वर्षाच्या कार्डावर एक रेघ मारायची. वर्ष संपलं की रेघा मोजायच्या आणि आलेख काढायचा. हे रेघा मारण्याचं काम सेनापतींनी केलं नाही. त्यांना धुळीने शिंका यायच्या. नवीन लग्न झालं होतं, बायको शाळेत शिकवायची, तिला रविवारी सुट्टी असायची. मग काय, रविवारी ती वाचनालयाच्या तळघरात आणि हे वरच्या खोलीत पंख्याखाली.

एका रविवारी ती कार्डं घेऊन वर आली. हातांना छपाईची शाई, केसात धूळ.

"अहो, या खोऱ्याचं काय करू? पुढच्या वर्षांत बातमीच नाही."

"मग शून्य लाव."

"गोळीबार झाला नाही अशीही बातमी नाही. खोऱ्याचं नावच नाही कुठं. रस्त्याची नाही, पुराची नाही, कसलीच नाही."

"तेच म्हणतोय मी. शून्य."

"माझ्या आईचं वर्षभर पत्र आलं नाही, तर ती मजेत आहे असं समजायचं का?"

सेनापतींनी चष्मा काढला. समोरच्याला गप्प करायचं असलं की ते चष्मा काढत. "घरगुती उदाहरणं शास्त्रात चालत नाहीत. तू शून्य लाव."

तिनं लावलं. एकापुढे एक सात शून्यं, गोल, मास्तरणीच्या वळणदार हातानं. त्या सात शून्यांवर सेनापतींचं घर झालं म्हटलं तरी चालेल. आलेखाची रेघ वरून खाली घसरत येऊन सपाट व्हायची आणि ती सपाट जागा बघून परदेशातले विद्वान माना डोलवायचे. सेनापती व्याख्याते झाले, प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले. खोलीत भिंतभर नकाशा आला, नकाशात टाचण्या आल्या, टाचण्या दाखवायला एक लांब काठी आली. कुठंही दोन देश गुरगुरले की टीव्हीवाले यांना बोलावत. हे कोट घालून जात आणि सांगत, "दोन्ही बाजूंनी संयम राखावा." लोकांची घरं जळताहेत आणि हे एसीत बसून दोन्ही बाजूंना संयम वाटताहेत. कोट तेवढा दर वेळी इस्त्रीचा.

या सिद्धांतावरच्या त्यांच्या पुस्तकाच्या सुरुवातीला आभार होते. संस्थेचे, गुरूंचे, ग्रंथपालांचे. शेवटून दुसऱ्या ओळीत, 'घरच्यांनी शांतता राखली म्हणून हे लेखन होऊ शकलं.' बायकोनं ते वाचलं, पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं आणि त्यावर इस्त्री ठेवायला लागली. सेनापतींच्या ते कधी लक्षात आलं नाही.

मग विभागात ती मुलगी आली. त्याच खोऱ्यातली. पीएच.डी.साठी मार्गदर्शक म्हणून तिनं सेनापतींचंच नाव मागितलं, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. पाहुणे आले की तिला बोलावून घ्यायचे, "ही आमची खोऱ्यातली." नकाशावरची टाचणी चालत येऊन खुर्चीत बसावी, असं त्यांना वाटत असावं. तिनं तोंड उघडेपर्यंत हे कौतुक टिकलं.

मुलीनं काम असं केलं की बोलायची सोय नाही. गावी गेली, पलीकडे गेली, दोन्हीकडच्या घराघरांत बसली. प्रत्येकाला तेच ते प्रश्न, वेगवेगळं बसवून. एकाचं म्हणणं दुसऱ्याशी ताडून, जुळलं तेवढंच धरलं. आणि विभागाच्या चर्चासत्रात, चहा-बिस्किटं फिरत असताना, उभी राहून शांतपणे म्हणाली, "सर, तुमच्या शून्याच्या वर्षांत आम्ही बटाट्याच्या कोठारात झोपायचो."

बिस्किटाचा घास घेतलेले लोक तसेच राहिले.

"वर्तमानपत्राचा माणूस पहिल्याच हिवाळ्यात पळाला. मग रस्ता सैन्यानं बंद केला. बातम्या थांबल्या त्या भांडण थांबलं म्हणून नव्हे. इतकं पेटलं की सांगायला माणूस उरला नाही."

"बाजार तर भरत होता?" सेनापतींनी विचारलं. चष्मा हातात आला होता.

"भरायचा ना. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा चोरटा माल तिथंच विकला जायचा. बाजाराच्या दिवशी तेवढी गोळी बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी परत चालू. माझा काका बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गेला."

"तुझ्या दुःखाबद्दल आदर आहे," सेनापती म्हणाले, "पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

"आणि कोरी जागा म्हणजे पुरावा का, सर?"

कुणीतरी घाईघाईनं चहा अजून हवाय का विचारलं आणि सत्र संपलं.

त्यानंतर सेनापतींनी ते केलं जे या जातीची माणसं नेहमी करतात. मुलीचा प्रबंध सादर व्हायला मार्गदर्शकाची सही लागते. सही अडवली. आधी म्हणाले प्रस्तावना लांबली. मग म्हणाले शेवट आखूड झाला. मग परदेशी गेले, मग परत आले, मग पाठ धरली. मुलीची फेलोशिप संपत आली, घरून विचारणा सुरू झाली. ती सरांच्या घरी आली की हे आतून सांगायचे, "म्हणावं, वाचतोय." बायको दारात उभी राहून निरोप पोचवायची आणि मुलीला पाणी द्यायची. एकदा मुलगी जरा जास्त वेळ बसली. दोघी काय बोलल्या ते सेनापतींनी विचारलं नाही. स्वयंपाकघरातली बोलणी त्यांनी कधी मोजणीत धरली नव्हती.

आणि खरंच वाचत होते ते. असं वाचत होते की एका शोधपत्रिकेच्या पुढच्या अंकात त्यांचा लेख आला: 'मौनाचा सिद्धांत'. बातम्या अचानक बंद होणं हीच सर्वांत मोठ्या संघर्षाची खूण असू शकते, अशी मांडणी. उदाहरण, डोंगरातलं एक खोरं. मुलीचं नाव तळटीपेत, 'माहिती गोळा करण्यास साहाय्य'. ज्या चुकीनं खुर्ची मिळवून दिली, तीच चूक उलटी करून आता त्यांना मानाचं पद हवं होतं. चोराला निदान घराबाहेर पळावं लागतं. यांनी ऐवज तिथंच ठेवून पाटी फक्त बदलली.

पण मुलगी काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तिनं अर्ज टाकला: हे काम माझं आहे, मला दुसरा मार्गदर्शक द्या. तीन प्राध्यापकांची समिती बसली. तिघांनाही सेनापतींच्या शिफारशीनं कधी ना कधी परदेशवारी घडली होती. सेनापतींना काळजी वाटायचं कारण नव्हतं, तरी त्यांना पक्कं काम हवं होतं. ते म्हणाले, "कोऱ्या जागांचा प्रश्न अगदी पहिल्या दिवसापासून माझ्या मनात आहे. त्या वेळी माझ्याबरोबर काम केलेली व्यक्ती साक्षीला आहे. आमच्या सौ."

घरून निघताना त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं होतं, "सुरुवातीपासून आपण त्या कोऱ्या जागांबद्दल बोलायचो, एवढं सांग."

"बरं," ती म्हणाली होती.

तिला आणखी काही विचारावं असं त्यांना वाटलं नाही. इतक्या वर्षांत तिनं एक तक्रार केली नव्हती. तक्रार नाही म्हणजे नाही. हिशेब सरळ होता.

समितीची खोली लहान होती. मधे टेबल, टेबलावर पाण्याचे पेले, पेल्यांवर कागदी झाकणं. मुलगी एका टोकाला, सेनापती दुसऱ्या. बायको आली, पदर सावरून खुर्चीत बसली. अध्यक्ष आदबीनं म्हणाले, "वहिनी, उगाच त्रास दिला. फक्त एवढंच सांगा, सरांच्या मनात हा प्रश्न तेव्हापासून होता ना?"

"प्रश्न होता," ती म्हणाली. "पण तो माझ्या मनात होता. मी विचारला यांना, बातमी नाही तिथं काय लावू. हे म्हणाले, शून्य लाव. मी लावलं. ती सातही शून्यं माझ्या हातची आहेत."

सेनापती हसले. सभेत कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की हसायचे तसेच. "अगं, तुला नीट आठवत नसेल. किती जुनी गोष्ट."

"मला आईचं उदाहरण आठवतंय आणि तुमचं उत्तरही. सांगू का यांना?"

कुणी सांगा म्हटलं नाही. अध्यक्ष वर पंख्याकडे बघायला लागले. दुसऱ्यानं पेल्यावरचं झाकण काढलं, परत ठेवलं. तिसरा म्हणाला, "हा जरा घरगुती विषय दिसतोय."

"हो ना," ती म्हणाली, "तेव्हाही हे असंच म्हणाले होते." मग मुलीकडे वळली. "मी तुझ्या गावच्या लोकांना शून्य लावलं, बाई. मला शंका होती तरी लावलं. तुझं काम तुझ्याच नावावर राहू दे."

मुलीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती पेन घट्ट धरून बसली होती.

न्याय झाला असं कुणी समजू नये. त्या तिघांत न्याय करायची धमक असती तर सही वर्षभर अडलीच नसती. त्यांना भीती पडली की ही बाई बाहेर जाऊन हेच बोलेल. लचांड नको म्हणून तासाभरात ठराव झाला: मार्गदर्शक बदलावा, लेखाचा वाद 'सामंजस्यानं' मिटवावा. मुलीचा प्रबंध पुढे गेला, पास झाला, तिच्या नावावर. भेकडांच्या हातूनही कधी कधी बरं काम होतं, त्यांना फक्त कशाची भीती वाटते ते माहीत पाहिजे. ते त्या मास्तरणीला माहीत होतं.

सेनापतींचं मानाचं पद हुकलं. बाकी काही बिघडलं नाही. टीव्हीवाले अजून बोलावतात, कोट अजून इस्त्रीचा असतो. इस्त्री आता कोपऱ्यावरच्या दुकानातून होते. पुस्तकाची नवी आवृत्तीही आली, सपाट रेघेसकट, कारण पानं आधीच छापून झाली होती.

बायको त्याच घरात आहे. सकाळी शाळेत जाते, संध्याकाळी येते, ताट वाढून ठेवते, पलीकडच्या खोलीत वाचत बसते. त्यांच्याशी एक अक्षर बोलत नाही. ना वाद, ना आदळआपट, ना टोमणा. मध्यंतरी जुना सहकारी घरी आला. त्यानं इकडे तिकडे पाहत हळूच विचारलं, "काय, ते प्रकरण झाल्यावर घरी काही...?"

"छे," सेनापती म्हणाले. "चार दिवस वाटलं होतं होईल काही. पण नाही. एक भांडण नाही तेव्हापासून." त्यांनी टीपॉयवरचं पुस्तक सरळ केलं आणि समाधानानं मागं टेकले. "अगदी शांत आहे सगळं."

आतून न्हाणीघराचं दार वाजलं, बायको बाहेर पडून आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं पाहुणा हात धुवायला गेला आणि लगेच परत आला. "अहो, आत पाल आहे."

सेनापतींनी आतल्या खोलीकडे पाहिलं, हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग खिशातला रुमाल काढून पाहुण्यापुढे धरला.