कॅमेऱ्यापुरती हळद

कुणाली तशी घाबरट नाही. आमच्या तिघांच्या टीममध्ये सरांना उलट प्रश्न विचारणारी ती एकटीच. पण वडिलांचं, म्हणजे कुंडलिककाकांचं नाव निघालं की तिचा आवाज बसतो. बारावीनंतर काकांनी तिला शहापूरच्या कॉलेजात पाठवलं ते एकाच अटीवर: तिच्याबद्दल गावात एक शब्द जरी बोलला गेला, तर कॉलेज बंद आणि लग्न. काका बोलतात तसं करतात. तिच्या मोठ्या बहिणीचं, शीतलचं, कॉलेज असंच सुटलं होतं.

आम्हाला दहा मिनिटांचा माहितीपट करायचा होता. विषय कुणालीनेच शोधला: मुरबाडच्या पुढच्या एका गावातल्या हिराबाई. हिराबाई धवलारीण, म्हणजे गाणी म्हणत लग्न लावणारी बाई. प्रणित आवाज रेकॉर्ड करणार, मी, हेतल, प्रश्न विचारणार आणि कुणाली कॅमेऱ्यावर. हिराबाईंनी चहा पाजला, भरपूर गप्पा मारल्या, पण हळदीचं गाणं म्हणायची वेळ आली तशा अडून बसल्या.

"पाटावर कोन बसलाय? रिकाम्या पाटाला मी नाय गात."

"हेतल बसेल," प्रणित म्हणाला. मी लगेच नाही म्हटलं. कारण काय, तर माझा ड्रेस नवा होता! आज ते आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते. कुणालीने कॅमेरा स्टँडवर लावला, बटण दाबलं आणि स्वतः पाटावर जाऊन बसली. हिराबाई गायल्या आणि गाता गाता तिच्या गालांना, हातांना, पायांना चांगली ओली हळद फासली. आम्ही इतके हरखलो होतो की कोणाच्याच टाळक्यात काही शिरलं नाही.

शिरलं ते निघताना. हिराबाई म्हणाल्या, "हळद लागली का पोरीनं गावाची शीव नाय ओलांडायची. तू तर अशीच घरी चाललीस. बापाला काय सांगशील गो?"

कुणालीचा चेहरा हळदीखालीही पांढरा पडला. मुरबाडच्या एसटी स्टँडवर नळाखाली आम्ही तिला साबण लावला आणि उरलीसुरली वाट लावली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे गावात वाढलेल्या आम्हाला ठाऊक नसावं? जितकं घासू तितके गालांवर कुंकवासारखे डाग उठत गेले.

"हेतल, माझं कॉलेज गेलं," ती म्हणाली.

"काही होत नाही गं," मी म्हटलं. तिच्या गालांवर नुसतंच पाणी मारत राहिले.

शहापूरच्या गाडीत तिने ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली. किन्हवलीला एक बाई चढल्या आणि समोरच बसल्या. त्यांनी आधी कुणालीचे हात बघितले, मग शेजारी बॅगा धरून बसलेल्या प्रणितला.

"कुंडलिकची ना तू?"

कुणालीने मान डोलावली. बाईंनी मोबाईल काढला आणि खिडकीकडे तोंड करून कुजबुजू लागल्या. आरडाओरडा केला असता तर मी भांडले तरी असते. कुजबुजीशी कसं भांडायचं? कुणालीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तेही पिवळं झालं.

प्रणितला आम्ही शहापूरच्या स्टँडवरूनच पिटाळलं. मी तिच्यासोबत घरी गेले. काका ओट्यावर उभे होते, पायात चपला, हातात मोबाईल. शोधायलाच निघाले होते. मला वाटलं, आता हात उचलतात.

"कोनाशी लगीन केलंस?"

"लग्न नाही, बाबा. कॉलेजचं शूटिंग आहे," कुणाली म्हणाली. तिने बॅगेतला कॅमेरा चालू केला आणि त्यांच्यापुढे धरला. त्या एवढ्याशा पडद्यावर हिराबाई गात होत्या. त्या गाण्यात नवरीच्या बापाचं नाव घ्यायची रीत आहे; हिराबाईंनी ते कुणालीला आधीच विचारून घेतलं होतं. "कुंडलिक बापाची लेक" ऐकलं आणि काका मटकन खाली बसले. पुन्हा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा.

"हे कोन कोन बगनार?"

"सगळं कॉलेज, बाबा."

"हळद लागलेली पोर सगल्यांनी बगितली, का तुला मागनी कोन घालंल?" त्यांचा आवाज चक्क कापत होता. हा माणूसही घाबरतो, हे मला तेव्हा कळलं. काकांनी पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाले, "तुजा तोंड काढून टाक. माजा नाव ऱ्हाऊ दे. मंग जा कॉलेजला."

मला असा संताप आला! नाव ठेवायचं आणि पोर पुसायची. पण कुणाली ओट्याला टेकून रडत होती, कॉलेज वाचलं म्हणून.

एडिटिंगला ती स्वतःच बसली. फ्रेम छोटी करत करत स्वतःचा चेहरा कापला. हात, पाट आणि गाणं तेवढं ठेवलं. माहितीपट कॉलेजात दाखवला त्या दिवशी सर म्हणाले, "ते हात फार सुंदर टिपलेत. कोणाचे आहेत?"

मी कुणालीकडे पाहिलं. प्रणितनेही पाहिलं.

"तिकडच्याच एका मुलीचे, सर," ती म्हणाली आणि बाह्या खाली ओढल्या.