अठरा दिवसांचा बगळा

पाणथळीच्या फाटकावरचे पहारेकरी मामा म्हणजे पक्ष्यांची चालतीबोलती नोंदवही. दुर्बिणी गळ्यात अडकवून आलेली हौशी मंडळी आधी मामांना विचारायची, मग तळ्याकडे बघायची. रोज सकाळी पक्षी मोजून फळ्यावर लिहायचं काम मामांनी आपणहून अंगावर घेतलेलं. त्याचा तोरा काय वर्णावा!

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, हे फक्त मामींना ठाऊक.

"ऑपरेशन करून घ्या हो."

"बोभाटा झाला तर फळा जाईल हातातून. मग मी नुसता कुलूप लावणारा!"

खरं तर ऑपरेशनच्या नावानंच मामांची पाचावर धारण बसायची.

एका सकाळी फळ्यावर ओळ आली: 'मोठा बगळा – एक, पलीकडच्या पाणकणसांत.' दुसऱ्या दिवशी तीच. अठरा दिवस तीच. बगळा तासन्‌तास ढिम्म उभा राहतोच, शंका कुणाला येणार? एकोणिसाव्या दिवशी शाळेतल्या बाईंनी दुर्बीण लावली आणि हळूच म्हणाल्या, "मामा, तुमच्या बगळ्याला दोन बंद आहेत. पिशवी आहे ती."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी खडू पुढे केला. "आजपासून तुम्हीच लिहा."

"डोळे बरे होईपर्यंत लिहीन. त्यापुढे एक दिवसही नाही," बाई म्हणाल्या.

घरी मामी हसून हसून बेजार. "अठरा दिवस पिशवीची राखण केलीत! आता तरी चला."

मामा गेले. जाताना मात्र सगळ्यांना बजावून गेले, "पिशवीला कुणी हात लावायचा नाही. माझी चूक मीच काढणार."

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊन डॉक्टरांनी मोकळं केल्यावर ते काठी घेऊन चिखलात उतरले. पिशवीला हात घालणार तोच थबकले. तिच्या आडोशाला, वाळक्या पात्यांत, पाच अंडी. मातकट, तपकिरी ठिपक्यांची. जवळच पाणकोंबडी कावरीबावरी होऊन ओरडत होती. पूर्वीचे डोळे असते, तर पाय अंड्यांवरच पडला असता. मामांना रडू आलं. डोळे चोळायचे नाहीत ही सवय अजून सुटली नव्हती, म्हणून त्यांनी ते वाहू दिलं.

काठावर येताच बाईंनी खडू त्यांच्या हातात ठेवला. मामांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं:

'बगळा – शून्य. पिशवी – एक. पाणकोंबडीची अंडी – पाच. पिल्लं बाहेर पडेपर्यंत पिशवी काढू नये.'