झुलमिराची ताटली

साल्वादोर शहरातल्या रिबेराच्या धक्क्यावरचे कोळी होडी काढायच्या आधी आभाळ बघतात आणि मग दाग्मारबाईंची खिडकी. तिथून पियानोचे मऊ सूर येत असले तर सगळं ठीक. नुसतेच पलटे धाडधाड आपटले जात असले, की समजायचं, आज त्या गल्लीत मासळी विकायला जाण्यात अर्थ नाही. बाई कोळंबीच्या मिशांवरूनसुद्धा भांडतील.

बाईंची उभी हयात हॉटेलांच्या बारमध्ये पियानो वाजवण्यात आणि गाण्यात गेली. तोंडात घास ठेवून कुणी फर्माईश केली, तर म्हणायच्या, "आधी गिळा." नवरा आमादेउ रेसिफेच्या एका केस कापणारीबरोबर पळाला. जाताना पंखासुद्धा नेला, विसरला ती फक्त स्वतःची बहीण. ही झुलमिरा तेव्हापासून वहिनीकडेच राहिली. "घटस्फोटात मला एक पियानो आणि एक नणंद मिळाली," बाई सांगतात. "दोन्ही जड आहेत, पण सुरात आहेत."

तरुणपणी बाईंची एकच रेकॉर्ड निघाली होती, 'ओसरीवरचं मीठ'. जॅझच, पण साल्वादोरच्या खाऱ्या वाऱ्यात वाळवलेलं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ड्रमवाला आलाच नाही. चुलतभावाच्या लग्नाला म्हणून गेला आणि तिथे स्वतःचंच जमवून बसला. झुलमिरा वहिनीचा डबा घेऊन आली होती. तिने जेवणाची ताटली पुसली आणि गावाकडच्या सांबा नाचगाण्यात बायका धरतात तसा कडेवर सुरी घासून ठेका धरला. खर्र-चिक, खर्र-चिक. बाईंनी मान हलवली, आणि अख्खी रेकॉर्ड त्या ताटलीवर उभी राहिली.

रेकॉर्ड विकली गेली नाही. घरातली एकुलती एक प्रत आमादेउने पंख्याबरोबर नेली. झुलमिराकडे पुरावा काही उरला नाही. ती बसमधल्या अनोळखी बाईलाही सांगायची, "मी रेकॉर्डवर आहे." गल्ली हसायची. "काय झुलमिरा, ताटली आज जेवायला मोकळी आहे, की पॅरिसला कार्यक्रम आहे?" झुलमिराही हसायची. बाई मात्र हसल्या नाहीत कधी.

आणि गेल्या साली साओ पावलोहून फोन आला. एक कंपनी ती रेकॉर्ड पुन्हा काढणार होती. बाईंचा होकार हवा होता, आणि प्रकाशनाला त्यांनी स्वतः वाजवायला हवं होतं. कंपनीचा एवेराल्दो नमुन्याची प्रत घेऊन येणार म्हटल्यावर झुलमिराने दिवस ठरवून टाकला, जुळ्या संतांचा, कोस्मे आणि दामियाँवचा. त्या दिवशी घरात भेंडीचा कारुरू होतोच, गल्ली जेवायला येतेच. "आता सगळ्यांना कानांनी ऐकू दे," ती म्हणाली. भेंडी चिरताना तिचं निम्मं लक्ष दाराकडे होतं.

एवेराल्दो आला. पांढरे बूट, गोड हसू. आधी रिवाजाप्रमाणे सात पोरांनी एकाच परातीत हात घालून खाल्लं, मग रेकॉर्ड लागली. बाईंचा तरुण आवाज खोलीभर पसरला. झुलमिरा मांडीवर बोटांनी ठेका धरून बसली. पहिलं गाणं संपलं. दुसरं संपलं. तिची बोटं थांबली.

"ताटली कुठाय?" बाईंनी विचारलं.

"कसली ताटली?"

"खर्र-चिक!"

"अच्छा, ती खरखर!" एवेराल्दो खुलला. "बाई, ती काढायला आमच्या माणसांचे किती महिने गेले! आम्हाला वाटलं, शेजारी खानावळ असेल, भांडी घासत असतील. आता कशी लख्ख झालीये बघा."

एरवी झुलमिराला चिडवणारी सगळी तोंडं चुलीकडे वळली.

"लख्ख?" बाई उठल्या. "माणूस घासून काढलात तुम्ही! माझा नवरा चोर, पण त्यानेसुद्धा हिला चोरलं नाही. माझ्या पियानोच्या पायाखालची जमीन काढलीत, आणि वर सांगताय लख्ख! देवळातली देवी धुवायला दिली, तर तुम्ही नाक-डोळे पुसून आणाल!"

"जाऊ दे ना वहिनी," झुलमिरा हळूच म्हणाली. "तुझं नाव तर आहे. निघू दे की. आता आपलं वय..."

"नाव माझं आणि हात तुझा! हात नसेल तर नावही नको."

बाईंनी रेकॉर्ड उचलली, टेबलावर ठेवली, आणि ताडतेलात रटरटणारं कारुरूचं पातेलं चुलीवरून उतरवून थेट तिच्यावर टेकवलं. "हां. आता कामाची झाली." रेकॉर्डच्या कडा अळूच्या पानासारख्या वर वळल्या. एवेराल्दोचं तोंडही.

पण संतांच्या दिवशी उपाशी कुणाला पाठवत नाहीत. झुलमिराने त्याला वाढलं, वरून सोडे घातले, पुन्हा एक पळी. त्याने दोन घास घेतले आणि तिसऱ्याला थबकला. चमच्यात एक अख्खी, न चिरलेली भेंडी.

गल्लीने छत फाटेल अशी आरोळी ठोकली. अख्खी भेंडी ज्याच्या ताटात, पुढच्या वर्षीचा कारुरू त्याच्याकडून! संतांचं बोलावणं आहे ते, मोडून चालत नाही. भेंडी आपसूक आली की कुणी पाठवली, ते पळीलाच ठाऊक. झुलमिरा तेवढ्यात ताटली पुसायला लागली होती.

"मी साओ पावलोला असतो हो," एवेराल्दो कळवळला.

"भेंडी तिथेही मिळते," बाई म्हणाल्या. "माझा होकार पुढच्या वर्षी, याच टेबलावर. ताटलीसकट आलात तर." आणि पियानोचं झाकण उघडून त्यांनी 'ओसरीवरचं मीठ' असं काही बडवलं, की धक्क्यावरचे कोळी म्हणे होड्या ओढून घ्यायला धावले. झुलमिराने सुरी घासली. खर्र-चिक. कुणी हसलं नाही. एवेराल्दो घास विसरून तिच्या मनगटाकडे बघत राहिला.

या वर्षी तो आला, भेंडीची पोती घेऊन. चिरायला बसला आणि बोटही चिरून घेतलं. रेकॉर्ड लागली. खर्र-चिक. पाकिटाच्या पाठीमागे छापलं होतं: ताटली आणि सुरी, झुलमिरा. तिने त्यावरून बोट फिरवलं, आणि मग ते पाकीट शेजारच्या प्रत्येक नाकासमोर नेऊन धरलं. चष्मा नसलेल्यांना दोनदा.

बाईंनी होकार दिला. पण कान टवकारून तिसरं गाणं ऐकलं आणि कडाडल्या, "आवाज बारीक केलाय हिचा! अहो, ठेका आहे तो, उंदीर नव्हे! अख्खी भेंडी कुठाय, झुलमिरा?"

"घातलीये वहिनी," झुलमिरा म्हणाली. "दोन घातल्यात."